पाण्याखालचा कानोसा

सांगलीजवळ हरिपूर येथें वारणा कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या देवळाखालीं घाटावर सकाळच्या वेळीं उभें राहिलें, तर होडीच्या टोंकाशीं उभा राहून लांब वेळू पाण्यांत घालणारा भोई अजूनहि एखादे दिवशीं दृष्टीस पडतो. पाहणाराला वाटतें, तो होडी ढकलीत आहे. तें खरेंच, परंतु त्याच वेळूनें तो आणखी दोन कामें करीत असतो. वेळू किती बुडाला ह्यावरून त्याला पाण्याची खोली समजते, आणि वेळूचें टोंक तळाला टेकतांच हाताला जो हिसका बसतो त्यावरून तळ कसा आहे तेंहि कळतें. खडक असला तर खट्‌दिशीं लागतो, वाळू असली तर करकर जाणवते, आणि गाळ असला तर वेळू मुकाट्यानें आंत जातो. मग मासा कोठें असेल हें सांगावयास त्याला पाण्यांत डोकावावें लागत नाहीं. कपारींत आणि गाळांत वाम, काठच्या लव्हाळ्यांत मरळ, डोहाच्या तळाशीं शिंगाळा, असा त्याचा हिशेब ठरलेला असतो.

ह्या विद्येला मर्यादा एकच. वेळू जेवढा लांब, तेवढीच ती खोल.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत सातारा व सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांतील पाण्याचें रूपच पालटलें आहे. कृष्णेवर वाईजवळ धोम, वेण्णेवर कण्हेर, परळीच्या बाजूस उरमोडी, शिराळे तालुक्यांत वारणेवर चांदोली, आणि ह्या सर्वांत वडील म्हणावा असा कोयनेचा शिवसागर. कोयनेचें धरण १९६३ च्या सुमारास उभें राहिलें. पायापासून त्याची उंची १०३ मीटर आहे, आणि त्याच्या मागें साठलेलें पाणी डोंगरांच्या घळींतून सुमारें पन्नास किलोमीटर मागें, तापोळ्यापर्यंत, पसरलें आहे. जेथें पूर्वीं नदीचा डोह दोन-तीन पुरुष खोल असला तरी लोक त्याचें नांव काढीत, तेथें आज कित्येक पुरुष पाणी उभें आहे, आणि त्याच्या तळाशीं शेतांचे बांध, घरांचीं जोतीं आणि झाडांचे बुंधे आहेत. अशा पाण्यावर वेळू टेकावयाचा कोठें?

गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी मंडळींच्या होडींत अलीकडे जो एक लहानसा पडदा दिसूं लागला आहे, तो ह्या प्रश्नाचें उत्तर आहे. बाजारांत त्याला फिश फाइंडर म्हणतात आणि त्याच्यामागच्या विद्येला सोनार. हें नांव ऐकून सराफकट्ट्याची आठवण होणें साहजिक आहे. पण तो निव्वळ योगायोग. ध्वनीच्या साहाय्यानें मार्ग व अंतर शोधणें ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकनांनीं तो शब्द बनविला. तथापि योगायोग अगदींच वाया गेलेला नाहीं. जुना सोनार हातीं आलेला रुपया दगडावर वाजवून पाही, आणि कुंभाराकडून मडकें घेणारी गृहिणीहि टिचकी मारून त्याचा आवाज ऐकते. जें डोळ्यांना दिसत नाहीं तें कानाला विचारावें, हीच युक्ति ह्या यंत्राचीहि आहे.

होडीच्या मागल्या अंगाला, पाण्यांत बुडेल असा, मुठीएवढा एक ठोकळा बसवितात. ट्रान्सड्यूसर हें त्याचें नांव. त्याच्या पोटांत चिनी मातीसारख्या भाजलेल्या पदार्थाची एक चकती असते. तिला विजेचे झटके दिले कीं ती थरथरते, आणि उलट बाहेरचा थरथराट येऊन तिच्यावर आदळला कीं ती स्वतःच वीज उत्पन्न करते. दाबानें वीज उत्पन्न होण्याचा हा गुण १८८० सालीं जाक व पियेर क्यूरी ह्या फ्रेंच बंधूंनीं स्फटिकांत प्रथम दाखविला. चकती एकच, पण ती तोंडहि आहे आणि कानहि आहे. क्षणभर ती हांक मारते, मग गप्प राहून ऐकते. पुन्हां हांक, पुन्हां कानोसा. सेकंदांत असें अनेक वेळां चालतें.

ही हांक माणसाला ऐकूं येत नाहीं. मनुष्याचा कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपनें ओळखतो. ह्या चकतीचीं कंपनें बहुधा दोन लाख असतात. इतका बारीक आवाज कशाला, अशी शंका येईल. कारण असें कीं, लहान वस्तूवरून परत फिरावयास लहरहि लहान लागते. दोन लाख कंपनांच्या ध्वनीची पाण्यांतील लहर जेमतेम साडेसात मिलिमीटर भरते, म्हणून वीतभर मासाहि तिच्या तावडींत सांपडतो. पन्नास हजार कंपनांचा ध्वनि फार खोल जातो खरा, परंतु त्याची लहर चौपट लांब, आणि त्यामुळें त्याचें चित्रहि भरड. तो समुद्रावरच्या जहाजांनीं वापरावा. सह्याद्रीच्या धरणांना पहिला पुरतो.

हांक मारल्यापासून उत्तर येईपर्यंत किती वेळ गेला एवढेंच यंत्र मोजतें. त्यासाठीं पाण्यांत ध्वनि किती वेगानें जातो हें ठाऊक पाहिजे, आणि तें ठाऊक होऊन आतां दोनशें वर्षें होत आलीं. १८२६ सालीं जिनिव्हाच्या सरोवरावर कोलादों आणि स्टुर्म ह्या दोघांनीं दोन होड्या तेरा-चौदा किलोमीटर अंतरावर उभ्या केल्या. एका होडीवरून पाण्याखालीं घंटा वाजविली आणि त्याच क्षणीं बंदुकीची दारू पेटविली. दुसऱ्या होडीवरच्या मनुष्यानें उजेड पाहून घड्याळ सुरू केलें आणि पाण्यांत बुडविलेल्या नळीला कान लावून घंटेची वाट पाहिली. त्या थंड पाण्यांत ध्वनीचा वेग सेकंदाला १,४३५ मीटर निघाला. कोयनेच्या कोमट पाण्यांत तो १,५०० मीटरच्या आसपास, म्हणजे हवेंतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक, असतो. तळ तीस मीटरवर असला तर ध्वनीचें जाणें-येणें मिळून साठ मीटर होतें, आणि त्याला सेकंदाचा पंचविसावा हिस्सा पुरतो. एवढा वेळ मोजणें आजच्या घड्याळांना कांहींच कठीण नाहीं.

तळाचें उत्तर येणें समजूं शकतें. परंतु मासा तर पाण्यासारखाच मऊ आणि ओला. त्याच्या मांसांत आणि भोंवतालच्या पाण्यांत ध्वनीच्या दृष्टीनें फारसें अंतर नाहीं. मग तो उत्तर कसें देतो? तें उत्तर माशाचें नसून त्याच्या पोटांतल्या हवेचें असतें. बहुतेक माशांच्या कण्याखालीं हवेची एक लांबट पिशवी असते. तिच्या योगानें मासा न बुडतां, न तरंगतां, पाण्यांत हव्या त्या थरांत स्थिर राहतो. पाण्यांतून जाणारा ध्वनि हवेशीं गांठ पडतांच जवळजवळ सगळा मागें फिरतो. माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीपैकीं शेंकडा नव्वद किंवा त्याहून अधिक भाग ह्या पिशवीचाच असतो. यंत्राला मासा दिसत नाहीं. माशानें जपून ठेवलेला हवेचा फुगा तेवढा ऐकूं येतो.

ह्याच पिशवीची आणखी एक गंमत आहे. कटला, रोहू, मृगळ आणि सह्याद्रीच्या नद्यांचा राजा महसीर ह्या एका कुळांतल्या माशांमध्यें ती पिशवी लहान लहान हाडांच्या सांखळीनें कानाशीं जोडलेली असते, आणि त्यामुळें ह्यांचा कान इतर पुष्कळ माशांहून तिखट असतो. मात्र तोहि कांहीं हजार कंपनांपुढें पोंचत नाहीं. सोनारची हांक माशाला ऐकूं येत नाहीं. होडीच्या फळीवर आपटलेला जेवणाचा डबा मात्र खात्रीनें ऐकूं येतो. हजारों रुपयांचें यंत्र घेऊन गप्पा छाटीत आणि वल्हीं आदळीत जाणाऱ्या मंडळींनीं एवढें ध्यानांत ठेवलेलें बरें.

पाण्यांत ध्वनि सोडून वस्तु शोधण्याची निकड माणसाला माशांसाठीं भासली नाहीं. १९१२ सालीं टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडालें, आणि अशा अडथळ्यांची आगाऊ चाहूल लागावी म्हणून शोध सुरू झाले. पहिल्या महायुद्धांत पाणबुड्यांच्या भीतीनें त्यांना जोर आला. पोल लांजव्हें ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें क्यूरी बंधूंचा स्फटिक पाण्यांत उतरविला. पुढें जहाजें खोली मोजण्यास प्रतिध्वनि वापरूं लागलीं, तेव्हां तळाच्या रेघेवर मध्येंच ठिपके उमटत. १९३५ सालीं ऑस्कर सुंड ह्या नॉर्वेच्या संशोधकानें लोफोटेनच्या समुद्रांतील कॉड माशांच्या थव्यांचे असे ठसे प्रसिद्ध केले. जपानांत नागासाकीकडील फुरुनो बंधूंनीं युद्धांतून उरलेलीं खोली मोजण्याचीं यंत्रें घेऊन १९४८ सालीं मच्छीमारांसाठीं पहिलें व्यवहारोपयोगी यंत्र सिद्ध केलें. जेथें बुडबुडे तेथें मासे, हें एका अनुभवी कोळ्याचें बोलणें त्यांच्या मनांत घर करून बसलें होतें, असें सांगतात. हरिपुरचा भोईहि बुडबुड्यांवर नजर ठेवूनच असतो. गळवाल्यांच्या होडींत मावेल एवढी लहान पेटी मात्र अमेरिकेंत, १९५७ नंतर, लोरन्स पितापुत्रांनीं आणली. तिच्यावर पडदा नव्हता. फिरत्या चकतीवरचा एक दिवा खोलीच्या आंकड्यापाशीं लुकलुके, एवढेंच.

आतां पडदा आला, रंग आले, आणि त्यांच्याबरोबर गैरसमजहि आले. नवशिक्याला वाटतें, समोरचें चित्र म्हणजे होडीखालच्या पाण्याचा उभा छेद आहे. डावीकडे दिसणारा मासा होडीच्या डावीकडे आहे. तसें मुळींच नाहीं. पडद्याची उजवी कड म्हणजे आतांचा क्षण. तेथें जें उमटतें तेवढेंच ह्या घटकेला होडीखालीं आहे. डावीकडे सरकत गेलेलें सारें होऊन गेलेलें. पडदा हा नकाशा नसून रोजकीर्द आहे. डावीकडच्या माशावर गळ टाकणें म्हणजे गेल्या आठवड्याच्या जमेवर आजचा खर्च करणें होय.

माशाची खूण बहुधा कमानीसारखी उमटते, आणि त्याचें कारण समजलें म्हणजे यंत्राचा अर्धा स्वभाव समजतो. चकतीची हांक सरळ दोरीसारखी जात नाहीं. ती उपड्या शंकूसारखी खालीं पसरत जाते. नेहमींच्या यंत्रांत ह्या शंकूचा घेर खोलीच्या सुमारें एक-तृतीयांश असतो. तीस मीटर खोलीवर दहा-साडेदहा मीटर रुंद वर्तुळ. होडी पुढें जातांना स्थिर मासा प्रथम शंकूच्या कडेला लागतो. तेव्हां तो तिरक्या अंतरावर, म्हणून अधिक खोल भासतो. होडी बरोबर त्याच्यावर आली कीं अंतर कमी होतें, आणि ती पुढें गेली कीं पुन्हां वाढतें. खोल, उथळ, खोल ह्या तीन नोंदी ओळीनें पडल्या कीं कमान झाली. होडी नांगरलेली असेल आणि मासाहि स्वस्थ असेल, तर कमान न होतां लांबच लांब रेघ निघते. ती पाहून अजस्र मगरीची कल्पना करणारे लोक आहेत. रेघेची लांबी माशाची नव्हे. तो किती वेळ खालीं राहिला त्याची. माशाचा आकार अजमावावयाचा तर खुणेची जाडी आणि उत्तराचा जोर पाहावा, आणि तोहि बेतानेंच.

कांहीं यंत्रें ही मेहनत वांचविण्यासाठीं प्रत्येक संशयित प्रतिध्वनीच्या जागीं माशाचें चिमुकलें चित्र काढून दाखवितात. पाण्यांत बुडालेल्या आंब्याच्या फांदीला, गाळांतून सुटलेल्या वायूच्या बुडबुड्यांना आणि तरंगत्या पाचोळ्याला तें यंत्र तितक्याच उत्साहानें मासा ठरवितें. जाणती मंडळी ती सोय पहिल्याच दिवशीं बंद करतात. माशाची जात तर कोणतेंच साधें यंत्र सांगत नाहीं. महसीर आणि चिलापी, दोघांच्याहि पिशवींत हवाच असते.

शिवसागरावर ह्या शंकूची खोड विशेष नडते. तेथें तळ सपाट नाहीं. डोंगरांच्या सोंडा पाण्यांत सरळ उतरल्या आहेत. अशा उतारावर शंकूची एक बाजू वरच्या खडकाला आधीं लागते आणि यंत्र त्यालाच तळ समजतें. त्या खडकाच्या पातळीखालीं, उताराला चिकटून राहिलेला मासा तळाच्या जाड रेघेंत बुडून जातो. नेमका तेथेंच त्याला राहणें आवडतें. उलट यंत्राचा खरा उपयोग अशा ठिकाणीं तळ ओळखण्याकडे होतो. खडकाची रेघ रुंद व ठसठशीत उमटते, आणि कधीं कधीं ध्वनि पृष्ठभागाला लागून दुसरी फेरी करून आल्यामुळें दुप्पट खोलीवर तळाची सावलीहि दिसते. गाळाची रेघ फिकट आणि पातळ. वेळूचें खट्‌ आणि वेळूचें मुकाट्यानें रुतणें येथें रंगांत उतरलेलें आहे. जो ह्या रेघा वाचतो तो जुन्या नदीचें पात्र, बुडालेला बांध, झाडांचा पुंजका हेरतो आणि मासा दिसो न दिसो, गळ तेथें सोडतो. असा मनुष्य पडद्याकडे फार वेळ पाहात बसत नाहीं.

ह्या ज्ञानाची दुसरी बाजू उन्हाळ्यांत दिसते. कोयनेचें पाणी पोफळीकडील वीजघरांसाठीं आणि खालच्या शेतीसाठीं वर्षभर खर्च होत असतें. मे महिन्यांत जलाशय खालीं बसतो, काठ उघडे पडतात आणि मासे उरलेल्या खोल भागांत, जुन्या नदीच्या पात्रांत, दाटीवाटीनें गोळा होतात. त्यांतच खोल, साठलेल्या पाण्यांत उन्हाळ्यांत वरचें ऊन पाणी आणि खालचें थंड पाणी असे थर पडतात, आणि खालच्या थरांत प्राणवायु कमी होत गेला कीं मासे दोन्हींच्या सीमेवर येऊन राहतात. चांगल्या यंत्रावर ही सीमासुद्धां पुसट पट्ट्यासारखी दिसते. आषाढांत नद्या चढल्या म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर जाऊन अंडीं घालावयाचीं, त्या महसिरीच्या माद्या ह्याच दिवसांत ह्याच दाटींत असतात. जावळीच्या जंगलांत पावसाळाभर जें हुडकून सांपडलें नसतें, तें मे महिन्यांत पाव तासांत पडद्यावर येतें.

गळ टाकणारा एका वेळीं एक मासा काढतो, आणि मनांत आणलें तर सोडूनहि देतो. परंतु हाच पडदा ज्याच्याजवळ बारीक डोळ्यांचें जाळें आहे त्याच्याहि हातीं पडतो, आणि ज्याच्या खिशांत जिलेटिनची कांडी आहे त्याच्याहि. सुरुंगानें मासे मारणें १८९७ च्या हिंदुस्थानांतील मत्स्य-कायद्यानेंच गुन्हा ठरविलें होतें. तरी सह्याद्रीच्या डोहांतून तो प्रकार नाहींसा झाला असें म्हणवत नाहीं. स्फोटाच्या दाबानें माशाची तीच हवेची पिशवी फुटते, जी यंत्राला उत्तर देते. पुष्कळ मासे वर न येतां तळाशीं जातात आणि मारणाराच्याहि उपयोगीं पडत नाहींत. ज्या महसिराच्या शास्त्रीय नांवांत कर्नल सायक्सनें १८३९ सालीं खुद्री हा शब्द घातला, त्याची पैदास लोणावळ्यास टाटांच्या वीज-कंपनीच्या केंद्रांत १९७० च्या दशकापासून हातानें करावी लागली, ही गोष्ट ह्या संदर्भांत विसरतां येत नाहीं. यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत मे महिन्यासाठीं निराळें पान नसतें, असावयास हवें.

होडी पाण्यांत लोटण्यापूर्वीं आणखी एक चौकशी अवश्य करावी. शिवसागराचा मोठा भाग १९८५ पासूनच्या कोयना अभयारण्याला आणि पुढें झालेल्या सह्याद्रि व्याघ्र-प्रकल्पाला लागून किंवा त्यांच्या आंत आहे, आणि चांदोलीचा जलाशय राष्ट्रीय उद्यानानें वेढलेला आहे. तेथें गळ टाकण्याची मोकळीक नाहीं. इतर जलाशयांत मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो. तिची परवानगी घेतली म्हणजे कायदा सांभाळला जातो, आणि पडद्यावर न दिसणाऱ्या चार गोष्टीहि ऐकावयास मिळतात.

घाटाखालीं, सांगलीच्या बाजूला, ह्या यंत्राचें काम जवळजवळ संपतें. उन्हाळ्यांत कृष्णा कित्येक ठिकाणीं कंबरभर असते. तेवढ्या पाण्यांत शंकूचा घेर हातभर, आणि होडीच्या सावलीनेंच मासे पळालेले. शिवाय प्रत्येक हांकेनंतर चकतीचा थरथराट शमेपर्यंत यंत्र बहिरें असतें, म्हणून पृष्ठभागालगतचें कांहीं अंतर त्याला कधींच ऐकूं येत नाहीं. मार्च २०२३ मध्यें सांगलीजवळ अंकली येथें प्रदूषित पाण्यानें कृष्णेच्या पात्रांत मेलेल्या माशांचा खच पडला होता. पाण्यांतला प्राणवायु उणा पडला म्हणजे मासे प्रथम वर येऊन पृष्ठभागाशीं तोंडें उघडून राहतात. अशा वेळीं तेथें एखादी होडी पडदा लावून फिरली असती, तर तिनें खोली बरोबर सांगितली असती, तळ गाळाचा दाखविला असता, आणि मधलें पाणी रिकामें.